ओढ्याची वीज



सदतीस वर्षें मास्तरकी केली. त्या अवधींत मुलांनीं विचारलेले पुष्कळ प्रश्न मी विसरलों; एक मात्र अजून कानांत आहे. १९८६ सालची गोष्ट. रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, सह्याद्रीच्या कुशींत, एका दोनशिक्षकी शाळेवर मी होतों. चौथीच्या वर्गांत कोयना प्रकल्पाची माहिती सांगत होतों. धरण, बोगदा, डोंगराच्या पोटांतील वीजघर, सारें फळ्यावर काढून दाखविलें. माझें बोलणें संपल्यावर, वरच्या वाडीवरून दीड तास डोंगर उतरून येणारा एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, “गुरुजी, ती वीज आमच्या डोक्यावरून जाते. मग आमच्या घरांत चिमणी कां?”

वाडीच्या माथ्यावरून उंच मनोऱ्यांच्या तारा खरोखरच गेलेल्या होत्या. पावसाळी हवेंत त्या गुणगुणत, आणि बायका लेंकरांस म्हणत, वीज गाते आहे. मीं त्यास समजावून सांगितलें कीं, त्या तारांतून वीज लाखों व्होल्टांच्या दाबानें जाते. ती उतरवून घरांत घ्यावयाची तर मोठें उपकेंद्र बांधावें लागतें, आणि तें कांहीं एकोणीस घरांसाठीं कोणी बांधीत नाहीं. उत्तर शास्त्रशुद्ध होतें. मुलगा खालीं बसला. परंतु त्याचें समाधान झालें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर माझेंहि झालें नाहीं. कारण त्याच्या वाडीच्या अंगास एक ओढा होता. तो रात्रंदिवस शंभर-सव्वाशें फुटांवरून खालीं कोसळत असे. कोयनेस जें घडतें तेंच त्या मुलाच्या परसांत घडत होतें, आणि तें आम्हां दोघांच्याहि ध्यानांत आलें नव्हतें.

आज मला बोलावयाचें आहे तें अशा ओढ्यांच्या विजेविषयीं. डोंगराळ मुलखांत दर दोन-चार वाड्यांमागें असा एखादा ओढा असतोच. त्यापासून वाडीपुरती, फार तर दोन-तीन गांवांपुरती वीज काढणें हा आजचा विषय. शहरांत राहणाऱ्या आपणांस तो दूरचा वाटेल. परंतु आपल्यापैकीं पुष्कळांचें मूळ गांव अशाच एखाद्या ओढ्याच्या कांठीं असेल, म्हणून थोडें तपशिलानें सांगतों.

प्रथम हिशेब. दर सेकंदास एक लिटर पाणी एक मीटर खालीं पडलें म्हणजे त्यांत जवळजवळ दहा वॅट शक्ति असते. नळ, चाक आणि जनित्र यांच्या खटाटोपांत निम्मी वांया जाते असें लहान यंत्राच्या बाबतींत धरून चालावें. उरली पांच. म्हणून सेकंदास किती लिटर पाणी, त्यास गुणिले किती मीटर उंची, त्यास गुणिले पांच; झाले वॅट. चौथीच्या मुलास यावा असा हा गुणाकार आहे. पाणी थोडें असलें तर उंची पाहिजे, उंची बेताची असली तर पाणी पुष्कळ पाहिजे. कोयनेचें पाणी साडेचारशें मीटरांहून अधिक उंचीवरून येतें, शिवाय तें अफाट, म्हणून तेथें जवळजवळ दोन हजार मेगावॅटांचीं यंत्रें बसलीं. ओढ्यापाशीं दोन्ही गोष्टी बेताच्याच.

पडत्या पाण्यास कामाला लावण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. पूर्वींचें औरंगाबाद, आतांचें छत्रपति संभाजीनगर, येथील पाणचक्की आपण सहलींत पाहिली असेल. डोंगरांतल्या झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून कोसगणती आणून उंचावरून सोडिलें, आणि त्यावर यात्रेकरूंचें व फकिरांचें दळण दळलें. उत्तराखंडाकडे ज्यास घराट म्हणतात आणि नेपाळांत घट्ट, त्या पाणचक्क्या हिमालयाच्या ओढ्याओढ्यांवर आजहि आढळतात. इतकेंच नव्हे, तर आपल्या देशांत पाण्यापासून वीज निघाली तीहि लहानच यंत्रांनीं. दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथें १० नोव्हेंबर १८९७ रोजीं पहिलें वीजघर सुरू झालें. त्यांत ६५ किलोवॅटांचीं दोन यंत्रें होतीं. पुढें १९०२ त कावेरीवर शिवसमुद्रम् येथें वीज निघून कोलारच्या सोन्याच्या खाणींस गेली, १९१५ त खोपोलीच्या वीजघरांतून मुंबईच्या गिरण्यांस गेली. आणि मग सर्वांची दृष्टि मोठ्या धरणांवर खिळली ती खिळलीच.

तेव्हांपासून ‘लहान’ या शब्दाचा अर्थहि मोठा झाला. सरकारी भाषेंत आज २५ मेगावॅटपर्यंतचें वीजघर लहानांत मोडतें. पंचवीस मेगावॅट म्हणजे पंचवीस हजार किलोवॅट. मी ज्या ओढ्याची गोष्ट सांगणार आहें त्याची वीज एक किलोवॅट. हत्ती आणि मुंगी एकाच दावणीला बांधण्याचा हा प्रकार आहे. देशांत लहान जलविजेच्या सात हजारांवर जागा आहेत, त्यांतून सुमारें २१ हजार मेगावॅट निघतील, असें सांगतात. सांगणें खरें आहे. परंतु यांतील बहुतेक वीज मोठ्या जाळ्यांत सोडावयाची असते. ओढा ज्याच्या दारावरून वाहतो त्याचा तिच्याशीं संबंध इतकाच, कीं पाणी नळांत वळविल्यामुळें मधला कोस-दीड कोस ओढा कोरडा पडतो. म्हणून त्या मोठ्या ‘लहानां’स आज बाजूला ठेवितों. शंभर किलोवॅटांच्या आंतलीं जीं यंत्रें, त्यांस सूक्ष्म म्हणतात; त्यांतील अगदीं तळचें एक यंत्र मीं डोळ्यांनीं पाहिलें आणि थोडेंफार हातांनीं उचलिलें. त्याचीच हकीकत सांगतों.

मुंबईच्या गिरण्यांचा १९८२ चा संप आपणांपैकीं वडीलधाऱ्यांस आठवत असेल. त्यांत ज्यांचें काम सुटलें तें पुन्हां लागलें नाहीं, अशांपैकीं एक फिटर त्या वाडीचा होता. कांहीं वर्षें मुंबईंत इकडेतिकडे काढून तो १९९५ त घरीं परतला. नांगर धरण्याची संवय मोडलेली, आणि हात तर स्वस्थ बसेनात. एके दिवशीं तो शाळेंत येऊन मला म्हणाला, “गुरुजी, पंप उलटा फिरविला तर?” मला कांहीं कळेना. त्यानें सांगितलें तें असें: पंपास विजेनें फिरविलें म्हणजे तो पाणी वर चढवितो, मग वरून पाणी सोडून पंपासच फिरविलें तर त्याच्या मोटरींतून वीज कां येऊं नये? येते, श्रोतेहो. मोटरीस योग्य मापाचे कपॅसिटर जोडले म्हणजे साधी मोटरसुद्धां जनित्राचें काम करिते. हें आमच्या फिटरास कोणी शिकविलें नव्हतें. गिरणींत कुठेंतरी पट्ट्यानें उलट ओढली गेलेली मोटर त्यानें पाहिली होती, एवढेंच.

१९९६ च्या कार्तिकांत आम्ही ओढा मोजावयास गेलों. बरोबर माझे सातवीचे विद्यार्थी. पन्हळ लावून सगळें पाणी एका धारेंत आणिलें आणि अठरा लिटरांचा रॉकेलचा डबा खालीं धरिला. तीन सेकंदांत भरला. म्हणजे सेकंदास सहा लिटर. उंची मोजण्यास गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घेतली. तींत पाणी भरून, दोन्ही टोकांस मुलें उभीं करून, टप्प्याटप्प्यानें उतरत गेलों. पस्तीस मीटर भरले. मग गुणाकार मुलांनींच केला: सहा पस्तें दोनशें दहा, त्यास पांचांनीं गुणून एक हजार पन्नास वॅट. एका मुलीनें विचारलें, “म्हणजे पुष्कळ कीं थोडें?” मीं सांगितलें, शहरांतल्या एका घरांत पाणी तापविण्याचा बंब याहून अधिक वीज खातो. मुलांचे चेहरे उतरले. परंतु एकोणीस घरें, घरटीं पंचवीस वॅटांचे दोन दिवे, म्हणजे साडेनऊशें वॅट. बसत होतें.

पाट काढण्याचें काम वाडीनें केलें. तें त्यांस शिकवावें लागलें नाहीं. कोंकणांत आगरांस पाटाचें पाणी देण्याची चाल पूर्वापार आहे, आणि डोंगराच्या अंगानें बेताचा उतार साधीत पाणी कसें न्यावें हें तेथील म्हातारे नुसत्या नजरेनें सांगतात. वर दगडमातीचा बांध, तेथून पाट, मग गाळ बसावयास एक डबकें, त्यापुढें जाळी, आणि तेथून खालीं चार इंची प्लॅस्टिकचा नळ. नळाच्या तळाशीं झोंपडीवजा खोलींत जुना पंप. पहिल्या दिवशीं पाणी सोडलें तेव्हां पंप फिरला, पण वीज येईना. लोखंडांत चुंबकत्व उरलें नव्हतें. फिटरानें बॅटरीच्या तारा क्षणभर लाविल्या आणि दिवा लागला. मी तेथें होतों. कोणी ओरडलें नाहीं कीं टाळ्या वाजविल्या नाहींत, एक म्हातारी पुढें आली, दिव्यास हात जोडले, आणि म्हणाली, “आतां रॉकेलच्या रांगेला कोण जाईल?”

येथपर्यंतची कथा सर्वांस आवडते. कांहीं वर्षांनीं अशाच प्रसंगाचा एक हिंदी चित्रपट आला, २००४ चा ‘स्वदेस’. त्यांतील चरणपूर गांव वाईजवळच्या मेणवलींत उभें केलें होतें. त्या चित्रपटामागें एक खरी हकीकत आहे. नंदुरबार जिल्ह्यांत, सातपुड्यांत, बिलगांव म्हणून आदिवासी गांव आहे. तेथील उदई नदीच्या धबधब्यावर गांवकऱ्यांनीं श्रमदान करून, केरळांतून आलेल्या अभियंत्यांच्या साहाय्यानें पंधरा किलोवॅटांचें वीजघर उभें केलें. २००३ च्या जानेवारींत तें चालूं झालें. २००६ च्या पावसाळ्यांत सरदार सरोवराच्या फुगवट्याचें पाणी चढलें आणि तें वीजघर बुडालें. एका नदीवर मोठी वीज आणि तिच्याच उपनदीवर लहान वीज. दोघींचें जमलें नाहीं आणि लहान गेली. ही गोष्ट चित्रपटांत नाहीं. पडद्यावर दिवा लागतो तेथें कथा सरत येते. प्रत्यक्षांत तेथून ती सुरू होते, आणि पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

आमच्या वाडींत पहिला पेंच पडला तो दिवे मालविण्याचा. ऐकून नवल वाटेल. मी मूळचा घाटावरचा; लहानपणीं मोट पाहिलेली. भरलेली मोट ओढीत असतां नाडा तुटला तर बैल भरकन पुढें जाऊन कोलमडतात. तशीच यंत्राची गत. एकदम पुष्कळ दिवे मालवले कीं ओझें नाहींसें होतें, चाक भरमसाट फिरूं लागतें, दाब चढतो आणि उरलेले दिवे जळून जातात. मोठ्या वीजघरांत पाण्याची तोटी आपोआप कमीजास्त होते. लहान यंत्रास आतां एक विजेची पेटी मिळते. ती नको असलेली वीज पाण्यांत बुडविलेल्या कॉइलीकडे वळविते, म्हणजे ओझें सदैव सारखें राहतें. आमच्यापाशीं ती पेटी नव्हती. म्हणून नियम असा, कीं रात्रीं दहा वाजेपर्यंत कोणीहि दिवा मालवूं नये. दहा वाजतां फिटर पाणी बंद करील तेव्हां सारी वाडी एकदम झोंपेल. वर सांगितलेली म्हातारी आठ वाजतां निजणारी. ती दिव्यावर परडी बांधून निजत असे.

दुसरा पेंच याच्या उलट. एका घरीं लग्न निघालें आणि मुंबईच्या पाहुण्यानें नवरदेवाच्या कोटासाठीं इस्त्री लाविली. इस्त्री साडेसातशें वॅटांची. अशा जनित्रावर पेलवेना इतकें ओझें पडलें तर दिवे मंद होऊन थांबत नाहींत. चुंबकत्वच जातें आणि सारें बंद पडतें. ऐन हळदीच्या रात्रीं वाडी अंधारांत. त्यावरून भांडण झालें तें दोन महिने पुरलें. शेवटीं बैठक बसली. ठरलें असें: कोणीं किती युनिटें जाळलीं तें मोजावयाचें नाहीं, दिव्यामागें महिना पांच रुपये घ्यावयाचे, आणि घराघरास बेताचा फ्यूज बसवावयाचा, ज्यानें जास्त ओढलें त्याचेंच घर बंद पडेल. पुढें वाचनांत आलें कीं नेपाळांतील गांवकऱ्यांनींहि हीच तोड काढली आहे. तेथेंहि पुष्कळ ठिकाणीं पैसे वॅटांवर देतात. शिवाय पाट उपसण्याची पाळी घरोघर लाविली. जाळीवर पानें साचलीं कीं नळांत हवा शिरते आणि यंत्र अडतें. पानकचऱ्यासारखी क्षुल्लक वस्तु एवढ्या विद्येस अडवून धरिते, हें इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत ठळक अक्षरांत छापावयास हवें. पाळी चुकली तर दंड एक नारळ. पहिल्या वर्षीं नारळांची रास झाली.

दिव्यांपेक्षां मोठा लाभ झाला तो दिवसाच्या विजेचा. खरें म्हणजे ती वीजहि नव्हे. दिवसां दिव्यांची गरज नाहीं, आणि ओढा तर वाहतच असतो. फिटरानें पंपाच्या दांड्यावर कप्पी बसविली व पट्ट्यानें एक लहान दगडी चक्की जोडली. दळण हळूं होई, पायलीस तास लागे. पण खालच्या गांवांत डोक्यावर दळण नेऊन परत डोंगर चढण्याचा बायकांचा अर्धा दिवस वांचला. माझ्या शाळेंतील मुलींची हजेरी त्या वर्षीं सुधारली; हजेरीपट मींच भरीत असें, म्हणून सांगूं शकतों. नेपाळांतहि क्रम असाच होता. काठमांडूजवळ बालाजू येथें व बुटवल येथें स्विस आणि नॉर्वेजियन लोकांच्या साहाय्यानें निघालेल्या कारखान्यांत १९७० नंतरच्या काळांत जीं लोखंडी चाकें तयार होऊं लागलीं, तीं आधीं भात कांडावयास, दळावयास व तेल गाळावयास लागलीं. वीज त्यांस मागाहून जोडली गेली. तें चाकहि साधें असतें: दोन तबकड्या आणि मध्यें नळ उभा चिरून केलेलीं वांकडीं पातीं, जोडकाम येणारा कोणीहि लोहार तें करूं शकतो. तेथील सरकारनें १९८४ त शंभर किलोवॅटपर्यंतच्या वीजघरास परवान्याची अट काढून टाकली, त्यानें या कामास मोठाच रेटा मिळाला.

आतां सह्याद्रीचें वैगुण्य सांगितलें पाहिजे, नाहींतर मीं एकाच बाजूनें बोललों असें होईल. हिमालयांतल्या ओढ्यांस झऱ्यांचें व बर्फाचें पाणी पुष्कळ ठिकाणीं बारमहा असतें. आमच्या ओढ्याची माया पावसाबरोबर. आषाढांत इतकें पाणी कीं बांध वाहून जाई. कार्तिकांत सहा लिटर. संक्रांतीच्या सुमारास तीन. उलटा फिरविलेला पंप थोड्या पाण्यावर नीट चालत नाहीं, त्यास आपला ठरलेला घोट लागतो. म्हणून वर वीस-बावीस हजार लिटरांची एक तळी खोदली. दिवसभर ती भरावयाची आणि रात्रीं दोन तास दिवे लावावयाचे. शिमग्यास तेंहि संपे. मग मृगापर्यंत पुन्हां चिमणी. कर्नाटकांतील मलनाडांत सुपारी-वेलदोड्याच्या बागाईतदारांनीं घरटीं अशीं लहान यंत्रें बसविलीं आहेत, त्यांचेंहि रडगाणें उन्हाळ्याचेंच आहे. आणि आतां तर सूर्याच्या पाट्या इतक्या स्वस्त झाल्या आहेत कीं कोरड्या मुलखांत कोणी ओढ्याच्या नादीं लागूं नये.

असें हें यंत्र अकरा पावसाळे चाललें. २००८ च्या उन्हाळ्यांत सरकारी योजनेंतून वाडीस खांब आले आणि तारा आल्या. सर्वांस आनंद झाला, मलाहि झाला. बारमहा वीज, पंखा, दूरदर्शन. एक किलोवॅटाच्या यंत्रानें हें कोठून द्यावें? त्या पावसाळ्यांत पाट उपसण्याच्या पाळीस पहिल्या दिवशीं सात माणसें आलीं, दुसऱ्या वेळीं तीन, आणि मग एकटा फिटर. खालच्या गांवांत रस्ता झाला, पांच अश्वशक्तीची चक्की आली. दोन वर्षांनीं नळ कुणीतरी आगरास पाणी न्यावयास काढून नेला. फिटरानें पंपावर ताडपत्री बांधली आणि त्याविषयीं बोलणें सोडून दिलें.

नेपाळांतहि हेंच झालें. जेथें जेथें मोठ्या जाळ्याची तार पोंचली तेथें तेथें, गांवानें वर्गणी काढून व कर्ज काढून उभारलेलीं वीजघरें ओस पडूं लागलीं. शहाणपणाची गोष्ट ही कीं, त्यांनीं त्यावर उपाय शोधिला: लहान वीजघर मोडावयाचें कशाला, त्याची वीज त्याच तारेंत सोडावी आणि गांवानें ती विकावी. नुवाकोट जिल्ह्यांतील स्याउरेभूमी येथील २३ किलोवॅटांचें गांवकीचें वीजघर २०१८ च्या जानेवारींत अशा रीतीनें राष्ट्रीय जाळ्यास जोडलें गेलें. एक किलोवॅटाच्या यंत्रास मात्र हा उपाय परवडत नाहीं. जोडणीच्या पेटीचीच किंमत यंत्राहून अधिक.

मग आमच्या ओढ्याचें काय? तें ठरविलें वादळानें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. आपण वर्तमानपत्रांत छायाचित्रें पाहिलीं असतील. घरांचे पत्रे उडाले, आंब्याफणसाचीं झाडें उन्मळलीं, विजेचे खांब काडीसारखे मोडले. किनाऱ्याकडची कामें आधीं. डोंगरांतली वाडी यादींत शेवटीं, आणि तें एका अर्थीं रास्तच. सव्वा महिना वाडींत वीज नव्हती. शिवाय टाळेबंदीमुळें मुंबईचे चाकरमानी घरीं आलेले. एकेका घरांत दहा-दहा माणसें. रॉकेल तर रेशनवर मिळेनासें झालेलें. चिमण्याहि कोणाच्या घरीं उरल्या नव्हत्या.

त्या चाकरमान्यांत तो चौथींतला मुलगा होता. आतां चव्वेचाळीस वर्षांचा, मुंबईंत उद्वाहन-दुरुस्तीचें, म्हणजे लिफ्टचें काम करणारा. त्यानें आणि फिटरानें ताडपत्री सोडली. पंपाचे बेअरिंग गंजून जाम झालेले. मुसळधार पावसांत पोरांनीं पाट उपसला, आगरांतला नळ मालकानें निमूटपणें परत दिला, आणि २४ जूनला चाक फिरलें. मी त्या वेळीं घाटावर अडकलेला. मला हें फोनवर कळलें, तेंहि दुसऱ्या दिवशीं, कारण फोनांत वीज भरावयास दिवे लागल्यावरच रांग लागली. दिवसां चक्की, रात्रीं दिवे. या वेळीं दिवे नऊ वॅटांचे एलईडी, त्यामुळें त्याच किलोवॅटांत एकोणीस घरांस दोनांऐवजीं चार-चार दिवे लावूनहि शिल्लक राहिली. नको असलेली वीज वळविणारी पेटी लिफ्टवाल्यानें जुन्या सामानांतून स्वतः जुळविली, तेव्हां आतां दिवे मालवितां येतात. परडी बांधणारी आजी हें पाहावयास राहिली नाहीं.

तारा पुन्हां आल्या तेव्हां मात्र वाडीनें यंत्र सोडलें नाहीं. कारण तोंवर एक गोष्ट सर्वांच्या ध्यानांत आली होती, जी मला मास्तर असूनहि सुचली नव्हती. कोंकणांत वीज जाते ती बहुधा पावसाळ्यांत: झाड पडतें, दरड कोसळते, खांब खचतो, आणि दोन दोन दिवस कोणी फिरकत नाहीं. सूर्याच्या पाट्यांचाहि तोच दुष्काळाचा काळ. आणि ओढ्यास भरपूर पाणी असतें तेंहि नेमकें याच चार महिन्यांत. ओढा बारमहा नाहीं म्हणून आम्ही त्यास नांवें ठेवीत होतों. पण जेव्हां बाकीचें सारें थकतें तेव्हांच तो जोरांत असतो. मोठ्या विजेशीं त्याची बरोबरी लावीत बसल्यामुळें हें आम्हांस दिसलें नाहीं. आतां जूनपासून डिसेंबरपर्यंत चक्की ओढ्यावरच चालते, आणि तार तुटली कीं दिवेहि.

पाळ्यांचें कोष्टक पुन्हां लावलें आहे. त्या मोसमांत दर सोमवारीं दोन घरें पाट उपसतात. दंडाचा नारळ कायम; रुपयांत दंड घेण्याची सूचना आली होती, ती म्हाताऱ्यांनीं फेटाळली. फिटर सत्तरी ओलांडून गेला आहे. त्याला ऐकूं कमी येतें, पण पंपाच्या खोलीच्या भिंतीस हात लावून बेअरिंगांत ग्रीस कमी आहे हें तो सांगतो. सध्यां नववींतल्या एका मुलीस तो हें शिकवीत आहे. तिची आई, पूर्वीं डोक्यावर दळण घेऊन डोंगर चढणाऱ्यांपैकीं, प्रथम नाहीं म्हणत होती. आतां म्हणत नाहीं.

गेल्या कार्तिकांत मी वाडीवर गेलों होतों. वरच्या अंगाची राई बरीच तुटलेली दिसली. पाणी मोजावें असें मनांत आलें, म्हणून अठरा लिटरांचा तोच जुना डबा शोधून काढिला, पन्हळ लाविली आणि घड्याळ धरिलें. भरावयास साडेतीन सेकंद लागले.